फलकावरचे नाव आणि पडद्याआडची ओळख
ऑनलाइन खेळांतील क्रमवारी व खेळाडूंची गोपनीयता

कपिला नदीच्या काठी वसलेले नंजनगूड हे म्हैसूरपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील तीर्थक्षेत्र. 'दक्षिण काशी' म्हणून ते ओळखले जाते. तेथील श्रीकंठेश्वराच्या देवालयावर म्हैसूरच्या वडियार राजघराण्याची मोठी श्रद्धा. त्यांपैकी मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४-१८६८) हे देवभक्त होते तसेच बैठ्या खेळांचे मर्मज्ञही होते. त्यांच्या आश्रयाने सिद्ध झालेल्या 'श्रीतत्त्वनिधी' या सचित्र ग्रंथाचा 'कौतुकनिधी' हा नववा भाग पटावरील खेळ आणि गंजिफा यांना वाहिलेला आहे. बुद्धिबळाच्या पटावरील ६४ घरांतून घोडा प्रत्येक घरी एकदाच जाईल अशी फेरी रचण्यातही त्यांना विशेष गती होती.

त्या काळी खेळणारे दोघे समोरासमोर बसत. कोण जिंकले, कोण हरले, हे दालनात उपस्थित असलेल्यांपुरतेच राही. डाव मोडला की सोंगट्या डब्यात जात आणि हरल्याची नोंद कोठेही उरत नसे. आज त्याच नंजनगूडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीनिमित्त आलेल्या एखाद्या कुटुंबातील मुलगा भ्रमणध्वनीवर खेळ उघडतो, तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी ब्राझीलमध्ये असू शकतो, प्रेक्षक लाखोंच्या संख्येने असू शकतात आणि प्रत्येक डावाची नोंद कायमची राहते. खेळाच्या आनंदात फरक पडलेला नाही. फरक पडला आहे तो नोंदीत. ती नोंद कोणाच्या हाती आहे, कोणाला दिसते आणि तिच्यातून काय काय कळते, याचा विचार खेळणाऱ्याने आणि त्याच्या पालकांनी करणे आता अगत्याचे झाले आहे.

फलकाची जन्मकथा

ऑनलाइन खेळांत सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यांची जी यादी झळकते तिला 'लीडरबोर्ड' म्हणतात. मराठीत तिला क्रमवारीचा फलक म्हणता येईल. ही कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. १९७८ मध्ये जपानमध्ये आलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावर त्या यंत्रातील सर्वोच्च गुणसंख्या दिसत असे. मात्र ती कोणाची, हे कळत नसे. १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स' या खेळात विजेत्याला आपल्या नावाची तीन आद्याक्षरे कोरण्याची सोय होती. अवघी तीन अक्षरे! मित्रांना ती पुरेशी होती आणि अपरिचितांना त्यांतून काहीच कळत नव्हते. क्रमवारी आणि गोपनीयता यांचा इतका सुरेख मेळ नंतर क्वचितच साधला गेला.

पुढे खेळ इंटरनेटवर आले. २००२ मध्ये सुरू झालेल्या 'एक्सबॉक्स लाइव्ह' या सेवेमुळे जगभरचे खेळाडू एकाच फलकावर आले आणि प्रत्येकाला स्वतंत्र टोपणनाव घ्यावे लागले. २०१६ मध्ये नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने 'लुडो किंग' हा खेळ आणला. २०२० च्या टाळेबंदीत दूरदूर अडकलेली कुटुंबे त्यावर एकत्र आली. पचिसीच्या पटाचा हा वंशज अशा रीतीने आजी-आजोबांच्या भ्रमणध्वनीतही पोहोचला. सांगावयाचे तात्पर्य असे की, ऑनलाइन खेळाडू म्हणजे केवळ महाविद्यालयीन तरुण नव्हे. हा विषय घराघरांतला आहे.

क्रमवारी कशी ठरते?

फलकामागील व्यवस्था समजून घेतली तर गोपनीयतेचा प्रश्न नेमका कोठे उद्भवतो ते ध्यानी येते. खेळ चालविणाऱ्या कंपनीच्या मध्यवर्ती संगणकात प्रत्येक खेळाडूला एक क्रमांक दिलेला असतो. बँकेतील खाते क्रमांकासारखाच तो एकमेव असतो. प्रत्येक डावानंतर त्या क्रमांकापुढे गुण, विजय, पराभव, सोबती, प्रतिस्पर्धी, वेळ आणि कालावधी यांची नोंद होते. या नोंदी उतरत्या क्रमाने लावल्या की फलक तयार होतो.

अनेक खेळांत गुणांची नुसती बेरीज होत नाही. तेथे अमेरिकेतील प्राध्यापक आर्पाद एलो यांच्या पद्धतीचे एखादे रूप वापरले जाते. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ही पद्धत १९७० मध्ये स्वीकारली. तिचे तत्त्व सोपे आहे. दोघांच्या मानांकनातील फरकावरून अपेक्षित निकाल काढावयाचा आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून चांगला लागला तर मानांकन वाढवावयाचे, वाईट लागला तर घटवावयाचे. मानांकनात २०० गुणांचा फरक असेल तर वरचढ खेळाडूने १०० पैकी सुमारे ७६ गुण मिळवावेत, ४०० चा फरक असेल तर सुमारे ९१, अशी अपेक्षा असते. नवख्याला नवख्याशी आणि निष्णाताला निष्णाताशी खेळविण्यासाठी हीच संख्या उपयोगी पडते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे खेळाडूचा इतिहास जपल्यावाचून न्याय्य क्रमवारी शक्य नाही. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, ही की या संपूर्ण गणितात खेळाडूचे खरे नाव, गाव, वय, छायाचित्र किंवा शाळा कोठेही लागत नाही. गणिताला हवा असतो तो केवळ न बदलणारा क्रमांक. बाकी सारे परिचयपत्रात, म्हणजे 'प्रोफाइल'मध्ये येते ते हौसेने, सवयीने किंवा कंपनीच्या सोयीने.

तुकड्यांतून उभे राहणारे चित्र

सर्वसाधारण परिचयपत्रात टोपणनाव, चित्र, देश वा राज्य, खेळाची पातळी, शेवटचा डाव केव्हा खेळला, आत्ता खेळाडू उपस्थित आहे किंवा नाही, मित्रांची यादी आणि अलीकडील डावांचा तपशील अशा गोष्टी असतात. खेळात प्रवेश करताना समाजमाध्यमावरील खाते जोडले असेल तर तेथील खरे नाव आणि छायाचित्रही आपोआप येऊ शकते. यातील प्रत्येक बाब सुटी पाहिली तर निरुपद्रवी वाटते. धोका आहे तो बेरजेत.

अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवून दिले की, पोस्टाचा पिनकोडसारखा क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून तेथील सुमारे ८७ टक्के नागरिक एकमेवपणे ओळखता येण्याजोगे होते. नाव माहीत असण्याची गरजच नव्हती. हाच विचार छोट्या गावाला लावून पाहावा. उदाहरणादाखल, एका खेळाडूने टोपणनावाला आपले पहिले नाव आणि जन्मवर्ष जोडले आहे, परिचयात 'नंजनगूड' लिहिले आहे आणि चित्र म्हणून शाळेच्या गणवेशातील छायाचित्र लावले आहे, असे समजू. मुंबईसारख्या महानगरात एवढ्यावरून कोणाला शोधणे कठीण जाईल. परंतु नंजनगूडसारख्या ठिकाणी त्या गणवेशाची शाळा, त्या वर्षीची इयत्ता आणि त्या नावाचा मुलगा शोधावयास एक दुपार पुरेल. डावांच्या वेळा पाहिल्या तर तो घरी एकटा केव्हा असतो याचाही अंदाज येईल. गाव जितके लहान, तितके टोपणनावाचे कवच पातळ. स्थानिक क्रमवारी दाखविणाऱ्या खेळांत ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागते, कारण 'शहरात पहिला' हे बिरुद मिरविताना शहराचे नावही आपण जाहीर करीत असतो.

श्रीकंठेश्वराच्या मोठ्या रथोत्सवाला हजारोंची गर्दी लोटते. तेथे चेहरा सर्वांना दिसतो, पण नाव-गाव कोणाला ठाऊक नसते आणि यात्रा पांगली की सारे विसरले जाते. ऑनलाइन फलकावरील गर्दी तशी नव्हे. ती पांगत नाही आणि विसरतही नाही.

मुंबईतील एक सावधगिरीचा प्रसंग

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत महाराष्ट्र पोलिसांच्या सायबर जागृती महिन्याचा प्रारंभ झाला. त्या समारंभात अभिनेते अक्षयकुमार यांनी आपल्या कुटुंबातील अनुभव जाहीरपणे सांगितला. त्यांची मुलगी अनोळखी व्यक्तीबरोबर खेळता येईल असा एक खेळ खेळत होती. समोरून प्रथम कौतुकाचे संदेश आले. मग कोठे राहतेस, अशी विचारणा झाली आणि तिने मुंबई असे उत्तर दिले. त्यानंतर मुलगा की मुलगी, हा प्रश्न आला. तिने खरे उत्तर देताच समोरून नग्न छायाचित्रांची मागणी झाली. मुलीने तत्काळ खेळ बंद केला आणि आईला सारे सांगितले. सातवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना शाळेत सायबर सुरक्षेचा तास असावा, अशी विनंती त्यांनी त्या वेळी मुख्यमंत्र्यांना केली.

या प्रसंगातील प्रश्नांचा क्रम पाहण्याजोगा आहे. आधी कौतुक, मग गाव, मग मुलगा की मुलगी आणि त्यानंतर मागणी. यांतील दोन प्रश्नांची उत्तरे अनेक मुलांच्या परिचयपत्रात आधीच लिहिलेली असतात. म्हणजे विचारणाऱ्याचे निम्मे काम झालेले असते. दुसरी गोष्ट तितकीच मोलाची. ती मुलगी वाचली ती कोणत्याही तांत्रिक कवचामुळे नव्हे. आईला सांगितले तर आपल्यालाच बोलणी बसतील, असे तिला वाटले नाही, म्हणून ती सावरली. घरातील विश्वासाचे वातावरण ही सुरक्षेची पहिली पायरी आहे.

दोष केवळ खेळाडूचा नव्हे

गोपनीयतेची सारी जबाबदारी खेळाडूवर टाकणे अन्यायाचे होईल. पुष्कळदा खेळाची मूळ मांडणीच माहिती उघडी ठेवणारी असते. डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट' या लोकप्रिय खेळाच्या एपिक गेम्स कंपनीने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी एकूण ५२ कोटी डॉलर्सची तडजोड केली. त्यांपैकी साडेसत्तावीस कोटी डॉलर्स मुलांच्या गोपनीयतेच्या कायद्याशी संबंधित होते. लहान मुलांसाठीही अनोळखी व्यक्तींशी लेखी व बोलका संवाद आरंभापासून चालू ठेवलेला असणे, हा आयोगाच्या आक्षेपांतील एक प्रमुख मुद्दा होता. उरलेले साडेचोवीस कोटी डॉलर्स फसव्या मांडणीमुळे नकळत खरेदी झालेल्या ग्राहकांच्या परताव्यासाठी होते.

याच्या उलट बाजूची उदाहरणेही आहेत. जुलै २०१० मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाच्या ब्लिझार्ड कंपनीने चर्चेच्या व्यासपीठावर खेळाडूंची खरी नावे दाखविण्याचा मानस जाहीर केला. खरे नाव लागले की बेताल भाषा कमी होईल, असा त्यामागील हेतू होता. परंतु स्त्रियांसह असंख्य खेळाडूंनी तीव्र विरोध नोंदविला आणि काही दिवसांतच तो बेत सोडून द्यावा लागला. एप्रिल २०१८ मध्ये 'स्टीम' या सेवेने खेळाडूकडे कोणते खेळ आहेत हा तपशील आरंभापासूनच झाकलेला ठेवण्याचे धोरण स्वीकारले. जो बदल लाखो खेळाडूंनी स्वतःहून कधीच केला नसता, तो मूळ मांडणी बदलताच एका दिवसात झाला. आरंभीची मांडणी काय आहे याला किती महत्त्व असते, हे यावरून कळून येते.

शिवाय जी माहिती फलकावर दिसत नाही ती सुरक्षित असतेच असे नाही. एप्रिल २०११ मध्ये सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये घुसखोरी होऊन सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि ती सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद ठेवावी लागली. तेव्हा जी माहिती देणे बंधनकारक नाही ती न देणे, हाच सर्वांत भक्कम उपाय ठरतो. न दिलेली माहिती कोणी चोरू शकत नाही.

बँकेच्या व्यवहारातील धडा

क्रमवारी विश्वसनीय हवी तर ओळख हवी आणि ओळख आली की गोपनीयता गेली, असा युक्तिवाद अनेकदा केला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे. एकाच व्यक्तीने दहा खाती उघडून फलकावर वर चढणे, बेकायदेशीर प्रणाली वापरून नेम साधणे, असे गैरप्रकार घडतात. डावांचा इतिहास खुला असला की इतर खेळाडूंनाच संशयास्पद गोष्टी चटकन दिसतात. सर्वच झाकले तर प्रामाणिक खेळाडूच्या यशावरही विश्वास उरणार नाही.

परंतु ओळखणे आणि उघड करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि बँकिंग व्यवसाय या भेदावरच उभा आहे. 'आपला ग्राहक जाणा' या नियमानुसार बँक ग्राहकाची कसून ओळख पटवून घेते. तरीही त्याची शिल्लक शेजाऱ्याला सांगत नाही. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतरच्या १९७० च्या कायद्यातील कलम १३ अन्वये निष्ठा आणि गुप्तता हे राष्ट्रीयीकृत बँकांचे वैधानिक कर्तव्य ठरले. कायद्याने आवश्यक असेल ते वगळता खातेदाराच्या व्यवहारांविषयीची माहिती इतरांना देता येत नाही. ग्राहकाला पूर्ण ओळखणारी आणि तरीही त्याच्याविषयी मौन पाळणारी संस्था असू शकते, याचे हे रोजचे उदाहरण होय.

खेळाच्या फलकालाही हेच तत्त्व लावता येते. कंपनीने खेळाडू एकच आहे याची खातरजमा करावी. फलकावर मात्र टोपणनाव आणि गुण एवढेच यावे. डावांचा इतिहास तपासण्यापुरता खुला असावा, पण त्याला खेळाडूच्या गावाची वा शाळेची जोड नसावी. 'ॲस्टेरॉइड्स'च्या तीन अक्षरांनी हेच साधले होते.

खरे नाव लावण्याची वेळही अर्थातच येते. जागतिक बुद्धिबळ महासंघाची मानांकन यादी खऱ्या नावानिशी जगापुढे असते. जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिचे नावही त्या यादीत अभिमानाने वाचावयास मिळते. मात्र तेथेही खेळाडूच्या पृष्ठावर पूर्ण जन्मतारीख नसून केवळ जन्मवर्ष असते, हे लक्षात घ्यावे. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत ई-स्पोर्ट्सना पदकांचा दर्जा मिळाला. तेथपर्यंत पोहोचणाऱ्या खेळाडूला पडद्याआड राहता येणार नाही आणि त्याने राहूही नये. परंतु त्या उंबरठ्यावर नाव उघड करण्याचा निर्णय विचारपूर्वक, पालकांच्या संमतीने होतो. सातवीतल्या मुलाच्या परिचयपत्रात तो निर्णय नकळत होऊन जाऊ नये.

कायद्याचे संरक्षण

या विषयात कर्नाटकाचे एक विशेष स्थान आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी निर्णय देऊन खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने घोषित केले. त्या पायावर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवलेली आहे.

या कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे. बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेणे त्यात बंधनकारक केले आहे. बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यांस मनाई आहे. या कर्तव्यांचा भंग झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दिलेली संमती जितक्या सहजतेने दिली तितक्याच सहजतेने मागे घेता यावी आणि माहिती दुरुस्त करण्याचा वा पुसून टाकण्याचा अधिकार असावा, हेही त्यात नमूद आहे.

माहिती देशाबाहेर जाण्याच्या प्रश्नावर शासनाने यापूर्वीही कठोर पाऊल उचलले होते. २ सप्टेंबर २०२० रोजी 'पबजी मोबाइल'सह ११८ ॲप्सवर बंदी आली. वापरकर्त्यांची माहिती अनधिकृतपणे परदेशी पाठविली जात असल्याच्या तक्रारींचा उल्लेख त्या वेळच्या निवेदनात होता. त्याची भारतीय आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली तेव्हा १८ वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला ३ तास खेळ आणि ७,००० रुपये खर्च अशी मर्यादा घालण्यात आली होती. हा खर्चाचा आकडा पाहिल्यावर पालकांनी केवळ कंपनीच्या मर्यादेवर विसंबणे किती अपुरे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैसे लावून खेळावयाचे खेळ असा भेद केला. तिसऱ्या प्रकारच्या खेळांस, त्यांच्या जाहिरातींस आणि त्यांसाठी बँकांमार्फत होणाऱ्या व्यवहारांस त्यात मनाई आहे. म्हणून फलकावर पहिला येणाऱ्यास रोख रक्कम देण्याचे आमिष दाखवून आधी पैसे भरावयास सांगणारा खेळ आढळल्यास ग्राहकांनी त्यापासून दूर राहावे.

फलकापासून खात्यापर्यंत

परिचयपत्रातील माहिती आणि बँक खाते यांचा संबंध काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. फसवणुकीची वाट बहुधा अशी असते. फलकावर वरच्या क्रमांकावर असलेला किंवा तेथे पोहोचण्यासाठी धडपडणारा मुलगा हेरला जातो. त्याच्या डावांवरून त्याला कोणते शस्त्र वा पोशाख हवा आहे, हे कळते. तीच वस्तू फुकट किंवा निम्म्या किमतीत देण्याचा संदेश येतो. मग एखाद्या दुव्यावर लॉगिनचा तपशील भरण्यास, आईच्या भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी सांगण्यास किंवा यूपीआय पिन टाकण्यास सांगितले जाते. मुलाच्या दृष्टीने तो खेळातील मित्र असतो. प्रत्यक्षात पैसे जातात ते पालकांच्या बचतीतून.

फसवणूक नसतानाही हानी होते. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या एका उपनगरातील १६ वर्षांच्या मुलाने अशाच खेळापायी आईच्या खात्यातून सुमारे १० लाख रुपये खर्च केल्याचे आणि बोलणी बसल्यावर घर सोडून गेल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. पोलिसांनी त्याचा शोध घेऊन त्याला सुखरूप घरी आणले. दहा लाख ही मोठीच रक्कम. परंतु त्या आईवडिलांनी ज्या काही तासांत मुलाची वाट पाहिली, त्या तासांची मोजदाद कोणत्याही पासबुकात होत नाही.

पालकांनी व खेळाडूंनी काय करावे?

पुढील सूचना साध्या आहेत आणि त्यांसाठी तंत्रज्ञानाचे विशेष ज्ञान लागत नाही.

१. टोपणनावात खरे नाव, आडनाव, जन्मवर्ष, गाव, शाळा वा भ्रमणध्वनीचा क्रमांक यांपैकी काहीही नसावे. समाजमाध्यमावर वापरलेले नाव खेळात पुन्हा वापरू नये, कारण समान नाव हाच शोधणाऱ्याचा पहिला धागा असतो.

२. परिचयचित्र म्हणून स्वतःचे छायाचित्र न लावता खेळातील एखादे चित्र निवडावे.

३. खेळाच्या 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन परिचयपत्र कोणाला दिसते ते पाहावे. सर्वांना, केवळ मित्रांना किंवा कोणालाही नाही, असे पर्याय अनेक सेवांत असतात. मुलांसाठी 'केवळ मित्रांना' हा पर्याय योग्य. उपस्थिती आणि डावांच्या वेळा झाकता येत असतील तर झाकाव्यात.

४. 'मित्र' म्हणजे प्रत्यक्षात ओळख असलेली व्यक्ती, एवढी एकच व्याख्या घरात ठेवावी. स्थानिक क्रमवारीसाठी ठावठिकाण्याची परवानगी मागितली गेल्यास ती नाकारावी.

५. मुलाचे वय खरे नोंदवावे. वय वाढवून सांगितले की बालकांसाठी असलेले सारे संरक्षण आपणच दूर करतो.

६. ज्या भ्रमणध्वनीवर मूल खेळते त्यावर पालकांचे बँकेचे ॲप, यूपीआय किंवा साठविलेले कार्ड नसावे. ते अशक्य असल्यास प्रत्येक खरेदीला पासवर्डची अट घालावी आणि व्यवहाराची मर्यादा कमी ठेवावी.

७. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या सूचनांनुसार १० वर्षांवरील मुलांना, बँकेने ठरविलेल्या मर्यादेत, स्वतःचे बचत खाते स्वतंत्रपणे चालविता येते. थोडी रक्कम असलेले असे खाते हा हिशेबाची सवय लावण्याचा उत्तम मार्ग होय. आपल्या खात्याचा पिन मुलाला देण्यापेक्षा त्याला त्याचे खाते देणे केव्हाही श्रेयस्कर.

८. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेला त्वरित कळवावे. पहिले काही तास अत्यंत मोलाचे असतात. मुलाला रागे भरण्याचे काम त्यानंतरही करता येईल. बहुधा त्याची गरजही उरणार नाही.

९. जुने, न वापरलेले खाते तसेच सोडून देऊ नये. ते रीतसर बंद करून माहिती पुसण्याची विनंती करावी.

शाखांतील कर्मचारी बंधु-भगिनींनाही यात वाटा उचलता येईल. मुलांच्या खात्यासाठी आलेल्या पालकांना या दोन-चार गोष्टी आवर्जून सांगाव्यात. एखाद्या खात्यातून खेळांच्या कंपन्यांकडे लहान लहान रकमा वारंवार जात असल्याबद्दल ग्राहकाने चौकशी केली, तर ती किरकोळ समजून सोडून देऊ नये. त्या रकमांमागे घाबरलेले एखादे मूल असू शकते.

मुलांनी खेळूच नये, असा या लेखाचा आग्रह नाही. पटावरचा डाव राजालाही मोह घालीत असे. मग नववीतल्या मुलाला तो घालील यात नवल ते काय? जिंकावे, क्रमवारीत चढावे, मित्रांनी पाठ थोपटावी, ही इच्छा निरोगी आहे. मात्र पाठ थोपटणारा हात ओळखीचा असावा, आणि फलकावर नाव झळकले तरी घराचा पत्ता घरातल्यांनाच ठाऊक असावा, एवढी दक्षता घेतली म्हणजे पुरे.